चार जीबीची पट्टी बदलताना

मी नाशिकला घरूनच पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची अक्षरजुळणी करते. या धंद्यात जून महिना फसवा असतो. पाऊस नुकता सुरू झालेला असतो, दिवाळी चार-पाच महिने लांब दिसते आणि तरीही पहिल्या कथा-लेखांचे मजकूर येऊन पडू लागतात. एकदा जुलै लागला की मान वर करायला उसंत मिळत नाही. म्हणून संगणकाची काही डागडुजी करायची तर ती जूनमध्येच, असा माझा शिरस्ता आहे. २०२४च्या जूनमध्ये रॅम (चालू काम तात्पुरते धरून ठेवणाऱ्या मेमरीच्या पट्ट्या) वाढवायचे ठरवले आणि अर्ध्या तासाचे म्हणून हाती घेतलेले काम तीन आठवडे चालले. काम अवघड नव्हते. आपल्याला नेमके काय विकत घ्यायचे आहे, हेच मला ठाऊक नव्हते. ज्यांच्या घरी असाच जुना ऑफिसचा डेस्कटॉप आहे त्यांचे हेलपाटे वाचावेत म्हणून सगळे तारीखवार लिहीत आहे.

माझे यंत्र डेलचे ऑप्टिप्लेक्स ३०५०, उभ्या मोठ्या कॅबिनेटमधले, सातव्या पिढीच्या आय५-७५०० प्रोसेसरचे. २०२१मध्ये मी ते रिफर्बिश्ड (वापरलेले, नीट करून पुन्हा विकलेले) म्हणून १६,५०० रुपयांना घेतले तेव्हा त्यात ४ जीबी रॅम आणि साधी हार्ड डिस्क होती. २०२३च्या दिवाळीत हार्ड डिस्क काढून एसएसडी ही वेगवान डिस्क बसवली आणि यंत्र इतके झटपट सुरू होऊ लागले की रॅमचा विचार मागे पडला. खरे दुखणे त्यामुळेच सहा महिने झाकले गेले. रॅम अपुरी पडली की विंडोज काही मजकूर डिस्कवर ठेवून देते आणि लागेल तसा परत आणते. डिस्क वेगवान असली की ही ये-जा जाणवत नाही, काम जड होईपर्यंत.

ते १० जूनला, सोमवारी, जड झाले. ३१२ पानांच्या कादंबरीची इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमधली फाइल, लेखकाने पाठवलेल्या दुरुस्त्यांची पीडीएफ, शब्दकोशाची दोन पाने उघडलेला ब्राउझर आणि व्हॉट्सअॅप, एवढेच चालू होते. एका परिच्छेदातली अनुस्वाराची चूक दुरुस्त केली तर अक्षर पडद्यावर उमटायला चार-पाच सेकंद लागले. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’वर गेले तर ९४ टक्के वापर. त्याच पानावर खाली बारीक अक्षरांत आणखी तीन गोष्टी लिहिलेल्या असतात, ज्यांकडे मी त्या दिवसापर्यंत कधी पाहिले नव्हते: वेग २४००, वापरलेले स्लॉट (रॅम बसवायच्या खोबणी) २पैकी १ आणि आकार डीआयएमएम. पुढच्या तीन आठवड्यांत मला लागणाऱ्या माहितीपैकी निम्मी तिथेच होती. ‘आकार’ हा शब्द मी तेव्हा वाचला आणि सोडून दिला. तो पुढे मला महागात पडला.

खर्च करावा की नाही, याचाही विचार झाला. सातव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११च्या अधिकृत यादीत बसत नाही आणि विंडोज १०ला कंपनीकडून मिळणारा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार हे तेव्हा जाहीर झालेले होते. म्हणजे या यंत्राला धड सव्वा वर्ष उरले होते. पण नव्या यंत्राचे चाळीस-पंचेचाळीस हजार तेव्हाच काढण्यापेक्षा दोन दिवाळ्या यावर निभावून नेणे मला परवडणारे होते. चार हजारांच्या आत बसले तर करायचे, एवढी मर्यादा ठरवली.

१२ जूनला घराजवळच्या दुकानात गेले. दुकानदाराने यंत्राचे नाव ऐकले आणि मान हलवली. “ताई, ब्रँडेड मशीन आहे. त्याला कंपनीचीच रॅम लागते. बाहेरची टाकली तर बोर्ड जाईल.” ८ जीबीच्या ‘कंपनीच्या’ पट्टीचे त्याने ४,२०० रुपये सांगितले, तेही मागवून घ्यावी लागेल, आठ दिवस लागतील, आगाऊ अर्धे पैसे द्या, असे. बोर्ड (यंत्राचे मुख्य सर्किट) जाईल या शब्दांनी मी खरोखर घाबरले. अंकाचे काम तोंडावर असताना यंत्रच गेले तर काय, या धास्तीने मी जवळजवळ दोन हजार काढून दिले असते. केवळ पाकीट घरी राहिले होते म्हणून वाचले.

घरी येऊन भाच्याला फोन केला. तो पुण्याला नोकरी करतो, संगणकाचे हार्डवेअर हे त्याचे काम नाही, पण त्याला नाद आहे. तो म्हणाला, “मावशी, कोणाला विचारू नकोस. कॅबिनेट उघड आणि आत जी पट्टी आहे तिच्यावर काय लिहिलंय ते मला वाचून दाखव.” आणि पुढे एक वाक्य म्हणाला ते मला फार उपयोगी पडले: यंत्र विकणाऱ्या कंपन्या रॅम स्वतः बनवत नाहीत. मेमरीच्या चिपा बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात जेमतेम तीन, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. ‘कंपनीची’ पट्टी म्हणजे बहुधा यांपैकीच कोणाची तरी, वर यंत्राच्या कंपनीचा भाग क्रमांक चिकटवलेली.

कॅबिनेट उघडण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. यंत्राच्या मागच्या बाजूला सात अक्षर-अंकांचा सर्व्हिस टॅग असतो. तो डेलच्या संकेतस्थळावर टाकला की त्या विशिष्ट यंत्राची मूळ घडण आणि माहितीपुस्तिका, दोन्ही मिळतात. पुस्तिकेतल्या चित्रांबरहुकूम वायरी काढल्या, झाकण काढले, आतली धूळ पाहून शरमले आणि शेवटी प्रोसेसरच्या पंख्याशेजारी उभी असलेली ती हिरवी पट्टी दिसली. दोन्ही टोकांच्या पांढऱ्या खिट्ट्या बाहेर दाबल्या की पट्टी आपोआप थोडी वर येते. एसके हायनिक्सची पट्टी निघाली. लेबलवर इंग्रजीत जे लिहिले होते ते फोनवर मी असे वाचून दाखवले: ‘४ जीबी, १आरएक्स१६, पीसी४-२४००टी-यूसी०-११’.

आम्ही छापखान्याच्या आसपास वावरणारी माणसे कागदाच्या रिमवरचा आकार, जीएसएम (कागदाचे वजन) आणि दाण्याची दिशा एका नजरेत वाचतो. ही ओळही तशीच निघाली. ‘पीसी४’ म्हणजे डीडीआर४ जातीची रॅम. डीडीआर३ची पट्टी इथे बसणारच नाही, कारण तिला २४० पिना असतात, डीडीआर४ला २८८. खालची खाचही वेगळ्या जागी असते. डीडीआर३ला दीड व्होल्ट लागतात, डीडीआर४ला १.२. ‘२४००’ हा वेग आणि त्यापुढचे ‘टी’ हे अक्षर विलंबाचे (मागितलेला मजकूर द्यायला रॅम किती वेळ घेते त्याचे), म्हणजे सीएल १७चे. ‘१आरएक्स१६’ याचा अर्थ चिपांची एकच रांग आणि प्रत्येक चिप १६ बिट रुंद. मेमरीचा रस्ता ६४ बिटांचा असल्यामुळे अशा चारच चिपा पुरतात. पट्टी उलटसुलट करून मोजल्या: काळे चौकोन खरोखर चारच होते. आणि शेवटी ‘यूसी०’मधले ‘यू’. हे अक्षर सर्वांत महत्त्वाचे, असे भाचा दोनदा म्हणाला. ‘यू’ म्हणजे साधी, अनबफर्ड, घरगुती आणि ऑफिसच्या डेस्कटॉपची पट्टी. तिथे ‘आर’ असेल तर ती सर्व्हरची.

माहितीपुस्तिकेत या कॅबिनेटसाठी दोन स्लॉट, डीडीआर४-२४०० आणि जास्तीत जास्त ३२ जीबी असे लिहिलेले सापडले. आय५-७५०० प्रोसेसरचा अधिकृत वेगही २४००पर्यंतच आहे. तेव्हा प्रश्न उरला तो किती जीबीचा. जुन्या चारसोबत नवी आठ लावून बारा करावेत, हा माझा पहिला, काटकसरीचा विचार. तसे चालते. इंटेलच्या या प्रोसेसरांत दोन स्लॉटमध्ये असमान पट्ट्या असल्या तर दोन्हींतला समान भाग जोडीने, दुहेरी मार्गाने चालतो आणि उरलेला एकेरी. म्हणजे चार आणि आठ लावल्यावर आठ जीबी जोडीने आणि चार एकेरी. पण माझ्या यंत्रात वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, पडद्यावरचे चित्रही याच रॅममधून रेखाटले जाते, त्यामुळे दुहेरी मार्ग सगळ्या रॅमला मिळणे माझ्या कामाला फायद्याचे. दोन आठ-आठच्या सारख्या पट्ट्या घ्याव्यात, असे ठरले. सोळाची एकच पट्टी घेऊन दुसरा स्लॉट पुढच्यासाठी मोकळा ठेवणारेही असतात. सव्वा वर्ष उरलेल्या यंत्रात पुढचा स्लॉट राखून ठेवण्यात मला अर्थ वाटला नाही.

इतके सगळे समजल्यावरही १८ जूनला मी चूक केलीच. एका खरेदीच्या अॅपवर यंत्राचे नाव टाकून शोध घेतला. पहिल्याच ओळीत ‘ऑप्टिप्लेक्स ३०५० डेस्कटॉपसाठी ८ जीबी डीडीआर४ २४००’ असे शीर्षक आणि १,५४९ रुपये ही किंमत. जीबी, जात आणि वेग या तीन गोष्टी जुळल्या, चौथी पाहिलीच नाही. आधी एकच मागवून पाहू, चालली तर दुसरी मागवू, असा सावध विचार केला, तेवढा एक शहाणपणा घडला. २२ जूनला, शनिवारी, पाकीट आले. फोडले आणि हातात आलेली पट्टी पाहून काही क्षण कळेचना की काय बिघडले आहे. तिच्यात काही मोडलेले नव्हते, ती फक्त आखूड होती. पानाच्या मापासाठी टेबलावर असलेली पोलादी पट्टी लावून मोजली: जेमतेम ७ सेंटिमीटर. माझी जुनी रॅम १३.३ सेंटिमीटर.

ती लॅपटॉपची रॅम होती. झाले असे की ३०५० या एकाच क्रमांकाचे यंत्र मोठ्या, मध्यम आणि अगदी पुस्तकाएवढ्या छोट्या अशा तीन कॅबिनेटांत मिळते. त्यांतले छोटे यंत्र टेबलावर ठेवायचे असले तरी जागेअभावी त्यात लॅपटॉपची, २६० पिनांची रॅम बसते. विक्रेत्याने शीर्षकात कॅबिनेटचा उल्लेख केला नव्हता, पण खाली तपशिलात ‘२६० पिन’ असे लिहिले होते आणि मी तिथपर्यंत गेले नव्हते. टास्क मॅनेजरमधला ‘आकार: डीआयएमएम’ म्हणजे डेस्कटॉपची लांब पट्टी, हे तेव्हा कळले. पुढे हे ओळखण्याची सोपी खूण कळली. क्रूशियल या ब्रँडच्या ८ जीबी, २४०० वेगाच्या दोन पट्ट्यांचे क्रमांक पाहा: सीटी८जी४डीएफएस८२४ए आणि सीटी८जी४एसएफएस८२४ए. चारच्या आकड्यानंतर ‘डी’ असेल तर डेस्कटॉप, ‘एस’ असेल तर लॅपटॉप. बाकी सगळे अक्षरन् अक्षर सारखे. मुद्रितशोधनात आयुष्य घालवलेल्या बाईची अशा ठिकाणी नजर चुकावी, याचे मला जास्त वाईट वाटले.

आता परतीचा भाग. तो कंटाळवाणा आहे, पण ज्याच्यावर वेळ येते त्याला उपयोगी पडतो, म्हणून लिहिते. अॅपमध्ये परत करण्याचे कारण निवडावे लागते. ‘चुकीची वस्तू मागवली’ हे निवडल्यावर उत्तर आले की या वस्तूला फक्त बदली आहे, परतफेड नाही, आणि बदली फक्त वस्तू बिघडलेली असेल तरच. ‘बिघडलेली आहे’ यावर बोट ठेवले असते तर कदाचित एका दिवसात सुटले असते, पण वस्तू चांगली होती, आणि बदली म्हणून आली असती तीही तीच आखूड पट्टी. चॅटवर तीन वेळा तीन वेगवेगळ्या माणसांना तेच सांगितले. शेवटी संकेतस्थळाच्या अगदी तळाशी तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ईमेल सापडला. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे असा अधिकारी नेमणे आणि त्याचा पत्ता दाखवणे बंधनकारक आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हावे लागते. २४ जूनला मी त्यांना मोजक्या सहा ओळींचे पत्र लिहिले. सोबत तीन चित्रे जोडली: शीर्षकात ‘डेस्कटॉप’ असलेले पान, तपशिलातले ‘२६० पिन’ आणि पोलादी पट्टीशेजारी ठेवलेल्या दोन्ही रॅम. शीर्षक आणि वस्तू जुळत नाहीत, एवढाच मुद्दा मांडला. राग, उपहास, माझे अंकाचे काम, काहीच लिहिले नाही. दुसऱ्या दिवशी पोच आली, २८ला माणूस येऊन पट्टी घेऊन गेला आणि ४ जुलैला पूर्ण पैसे खात्यावर जमा झाले. यातून दाद मिळाली नसती तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मी लिहूनच ठेवला होता. तशी वेळ आली नाही.

दरम्यान २९ जूनला, शनिवारी, मला मुंबईला जायचेच होते. गिरगावातल्या एका प्रकाशकांकडे मुद्रिते पोहोचवायची होती. सकाळची पंचवटी पकडली, दादरला उतरून लोकलने ग्रँट रोड गाठले आणि प्रकाशकांचे काम दुपारी बारापर्यंत उरकून लॅमिंग्टन रोडवर शिरले. त्या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण रॅम विकत घ्यायला जाणारा माणूस लॅमिंग्टन रोडलाच जातो. शनिवार निवडण्याचा आणखी एक फायदा असा की रविवारी तिथली बहुतेक दुकाने बंद असतात. पर्समध्ये जुन्या पट्टीचे लेबल स्वच्छ दिसेल असा फोटो आणि कागदावर चार ओळी लिहिलेल्या होत्या: डीडीआर४, डेस्कटॉप, अनबफर्ड, दोन गुणिले आठ.

पहिल्या दुकानात मी नुसती किंमत विचारली. “लोकल चालेल?” असा उलट प्रश्न आला. लोकल म्हणजे नाव नसलेली किंवा कधी न ऐकलेल्या नावाची पट्टी, ८ जीबीला १,१५०, बिल नाही, ‘सात दिवस टेस्टिंग वॉरंटी’. पुढच्या दुकानात त्याहून मोठा मोह होता. काउंटरवर निळसर प्लास्टिकच्या ट्रेमध्ये पट्ट्यांची रास पडलेली होती. १६ जीबीची एक पट्टी १,१०० रुपयांना. ८ जीबीच्या लोकल पट्टीपेक्षाही कमी भावात. हातात घेऊन लेबल वाचले: ‘२आरएक्स४, पीसी४-२४००टी-आर’. वेग तोच, जात तीच, लांबीही तीच, खाचही त्याच जागी. आणि ‘यू’च्या जागी ‘आर’. मधोमध चिपांच्या रांगेत एक वेगळ्या आकाराची जादा चिप होती, ती या रजिस्टर्ड, म्हणजे ‘आर’वाल्या, पट्टीची खूण. मी विचारले, “ही सर्व्हरची आहे ना?” दुकानातल्या मुलाने प्रामाणिकपणे होकार दिला, पण मी विचारेपर्यंत सांगितले नव्हते. ही पट्टी माझ्या यंत्रात बसली असती आणि यंत्र सुरूच झाले नसते. मोठी सर्व्हर-यंत्रे भंगारात निघतात तेव्हा त्यांच्या अशा पट्ट्या बाजारात येतात. ज्याच्याकडे त्यांना साजेसा बोर्ड आहे त्याला त्या सोन्यासारख्या, आपल्याला निरुपयोगी.

तिसरे दुकान पोटमाळ्यावर, आठ बाय दहाचे. तिथले गृहस्थ वयस्कर होते. त्यांनी माझ्या फोनमधला फोटो मोठा करून पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, “प्रोसेसर कोणता?” एवढ्या तीन आठवड्यांत विकणाऱ्या बाजूने हा प्रश्न पहिल्यांदा आला. त्यांनी किंग्स्टनच्या सीलबंद पाकिटातली पट्टी पुढे ठेवली आणि तिचा क्रमांक मला स्वतःच उलगडून दाखवला: केव्हीआर२६एन१९एस८/८. ‘केव्हीआर’ म्हणजे त्यांची साधी, व्हॅल्यूरॅम मालिका. ‘२६’ म्हणजे २६६६ वेग. ‘एन’ म्हणजे ईसीसी (चूक पकडून दुरुस्त करण्याची सोय) नसलेली डेस्कटॉपची, इथे ‘एस’ असता तर लॅपटॉपची. ‘१९’ हा विलंब. ‘एस८’ म्हणजे एक रांग, आठ बिटांच्या चिपा. आणि तिरक्या रेघेनंतरचा ८ म्हणजे ८ जीबी.

मी म्हणाले, माझे तर २४०० आहे, ही २६६६ची कशी चालेल? यावर त्यांनी जे सांगितले ते मला नीट पटले. प्रत्येक पट्टीवर बारीकशी आठ पायांची एक चिप असते, तिच्यात ही पट्टी कोणकोणत्या वेगाने चालू शकते याचा तक्ता असतो. यंत्र सुरू होताना तो तक्ता वाचते आणि आपल्याला झेपेल तो वेग लावते. म्हणून जास्त वेगाची पट्टी कमी वेगाच्या यंत्रात उतरून चालते. उलट गेमिंगसाठी विकल्या जाणाऱ्या, वर धातूचे कवच असलेल्या पट्ट्यांवर ३२०० छापलेले असले तरी तो वेग बऱ्याचदा एक्सएमपी या वेगळ्या तक्त्यातला असतो, आणि ऑफिसच्या यंत्रांत तो चालू करण्याची सोयच नसते. मग ती पट्टी तिच्या मूळ वेगावर येते, कधी कधी २१३३वरसुद्धा. कवचाचे जादा पैसे वाया. मी ‘एस६’ लिहिलेली थोडी स्वस्त पट्टीही पाहिली. ती १६ बिटांच्या चार चिपांची, माझ्या जुन्या पट्टीसारखी. ती चालली असती, पण तिच्यात मेमरीचे गट निम्मे असल्यामुळे ती किंचित मंद पडते. पट्टीमागे शंभर रुपयांच्या फरकासाठी मी ‘एस८’च घेतली.

बिलाचा आग्रह धरला. दोन पट्ट्यांचे ३,४००. त्यात मूळ किंमत २,८८१.३६ आणि १८ टक्के जीएसटी ५१८.६४. बिलावर दोन्ही पट्ट्यांचे अनुक्रमांक लिहून घेतले. नावाजलेल्या कंपन्या रॅमला मर्यादित आजीवन हमी देतात, पण ती मागायला गेल्यावर अनुक्रमांक आणि बिल हेच दोन साक्षीदार असतात. बिनबिलाची पट्टी स्वस्त पडते आणि हमी तिथेच संपते. थर्मल कागदावरची अक्षरे कालांतराने उडतात, म्हणून ट्रेनमध्येच बिलाचा फोटो काढून ठेवला. कसारा घाटात धो धो पाऊस होता. पर्स पदराखाली धरून बसले होते, तेवढ्याने रॅम भिजत नाही हे माहीत असूनही.

३० जूनला, रविवारी सकाळी, बसवायला घेतल्या. यंत्र बंद करून वीजजोडणी काढली, मग पॉवरचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरले म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. सतरंजीवरून उठून फरशीवर आले आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून घेतला. अंगातली स्थिर वीज चिपांना बाधते. पट्टी फक्त कडांना धरायची, सोनेरी दातांना बोट लावायचे नाही. खालची खाच मधोमध नसते, थोडी एका बाजूला असते, म्हणून उलटी बसतच नाही. जुनी काढली, दोन नव्या बसवल्या, बटण दाबले.

पडदा काळा. पंखा फिरतोय, पॉवरचे बटण नारिंगी रंगात उघडझाप करतेय, बाकी काही नाही. “बोर्ड जाईल” हे शब्द कानात वाजू लागले. हात थरथरत होते, हे कबूल करते. भाच्याला फोन लावला तर तो हसला. “मावशी, दोन्ही काढ. एकच लाव, आणि दोन्ही अंगठ्यांनी दोन्ही टोकांवर दाब. खिट्टी आपली आपण बंद व्हायला हवी, तू बोटाने लोटायची नाही.” मी नेमके तेच केले होते, पंख्याजवळच्या टोकाची खिट्टी मी बोटाने वर लोटली होती, पट्टी पूर्ण खाली गेलीच नव्हती. या वेळी बोर्ड किंचित लवला, इतका की माझा श्वास अडकला, आणि ‘खट्’ असा स्पष्ट आवाज आला. एका पट्टीवर यंत्र सुरू झाले. ती काढून दुसरी एकटी लावून पाहिली, तीही चालली. मग दोन्ही. पडद्यावर मेमरीचे प्रमाण बदलले आहे, अशा अर्थाची सूचना आली. ती बिघाडाची नव्हे, यंत्राने नवी रॅम ओळखल्याची खूण असते. एफ१ दाबून पुढे गेले. टास्क मॅनेजरमध्ये १६ जीबी, स्लॉट २पैकी २ आणि वेग २४००, म्हणजे पोटमाळ्यावरच्या काकांनी सांगितले तसाच.

तरी त्या रात्री काम केले नाही. मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारे सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घेतले, सुरू होताना एफ१२ दाबून पेनड्राइव्ह निवडला आणि चाचणी लावून झोपले. फुकट आवृत्तीत चार फेऱ्या होतात. ही चाचणी टाळू नये, कारण सदोष रॅम पुष्कळदा यंत्र बंद पाडत नाही, गुपचूप फाइल बिघडवते, आणि ते महिन्याभराने छपाईच्या वेळी कळते. शिवाय दुकानात बदलून मिळण्याचे दिवस मोजके असतात, दोष असला तर त्याच आठवड्यात कळलेला बरा. पहाटे साडेपाचला उठून पाहिले तेव्हा चौथी फेरी संपून चुकांची संख्या शून्य दिसत होती. चहा टाकला.

सोमवारी, १ जुलैला, तीच ३१२ पानांची फाइल उघडली. तेच सगळे चालू ठेवून वापर ५० टक्क्यांच्या आसपास राहिला. म्हणजे मला ८ जीबी कमीच पडले असते. अनुस्वार दाबता क्षणी उमटतो. छपाईसाठीची पीडीएफ काढायला आधी नऊ मिनिटे लागत, आता साडेतीन. उरलेला वेळ प्रोसेसरचा आहे, तो रॅमने कमी होणार नाही.

जुनी ४ जीबीची पट्टी नव्या पट्टीच्या रिकाम्या पाकिटात घालून ठेवली होती. ९ जुलैला प्रिंटरची शाई आणायला घराजवळच्या त्याच दुकानात गेले तेव्हा सहज विचारले, जुनी रॅम घेता का. त्याने पाकिटातून काढून लेबल न वाचताच तिनशे रुपये काढून दिले. काउंटरवर कोणाचे तरी दुसऱ्याच कंपनीचे ऑफिसचे यंत्र उघडे पडले होते. माझी शाई बांधून होईपर्यंत त्याने ती पट्टी त्यात बसवली, बटण दाबले आणि पडदा उजळल्यावर माझ्याकडे पाहून म्हणाला, “बघा ताई, लगेच घेतली.”